पटावरील नाव शोधताना : रस्ट भाषेतील इटरेटरची ओळख

या स्मरणिकेच्या अखेरीस माजी विद्यार्थ्यांची जी यादी छापली आहे, ती तयार करण्याचे काम संपादक मंडळाने आम्हां काही माजी विद्यार्थ्यांकडे सोपविले होते. आम्ही संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करतो, एवढीच आमची पात्रता. काम वरकरणी सोपे होते. शाळेची जुनी जनरल रजिस्टरे कार्यालयातील लोखंडी कपाटात आहेत. स्वयंसेवकांनी सुट्टीच्या दिवशी बसून त्यांतील नोंदी संगणकावर उतरविल्या. त्यातून नावे शोधावयाची, जुळवावयाची आणि वर्षवार मांडावयाची, इतकेच आम्हांस करावयाचे होते.

हे करीत असता आम्ही जे शिकलो आणि ज्या चुका केल्या, त्यांची हकीकत येथे देत आहोत. वरच्या वर्गांतील विद्यार्थी आता संगणकाची आज्ञावली लिहू लागले आहेत. त्यांना तिचा उपयोग व्हावा. ज्यांचा संगणकाशी संबंध नाही अशा पालकांनाही आपल्या मुलांच्या अभ्यासात काय असते ते कळावे, म्हणून शक्य तितक्या साध्या शब्दांत लिहिण्याचा प्रयत्न केला आहे.

भाषेची निवड

या कामासाठी आम्ही 'रस्ट' ही भाषा वापरली. ग्रेडन होअर या संगणकतज्ज्ञाने २००६ च्या सुमारास ती स्वतःच्या आवडीखातर सुरू केली. २००९ पासून मोझिला या संस्थेने तिला आश्रय दिला आणि १५ मे २०१५ रोजी तिची पहिली स्थिर आवृत्ती प्रसिद्ध झाली. सी व सी प्लस प्लस यांच्याप्रमाणे ही प्रणालीस्तरावरची भाषा आहे. म्हणजे संगणकाची स्मृती कोठे व किती वापरावयाची यावर आज्ञावली लिहिणाऱ्याचे थेट नियंत्रण राहते. ऑपरेटिंग सिस्टीम, ब्राउझर यांसारखी मूलभूत कामे अशा भाषांत होतात. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या लिनक्स कर्नलच्या ६.१ या आवृत्तीपासून त्यातही रस्टला प्रवेश मिळाला.

नावांची यादी करण्यास इतकी समर्थ भाषा लागत नाही, हे आम्ही प्रथमच मान्य करतो. कोणत्याही भाषेत ते काम झाले असते. परंतु आमच्यापैकी काही जण ही भाषा रोज वापरतात, आणि तिचा एक गुण या कामी विशेष उपयोगी होता. शोधलेली वस्तू सापडली नाही तर काय करावयाचे, हा प्रश्न ती लिहिणाऱ्याला टाळू देत नाही. हा गुण आमच्या किती उपयोगी पडला आणि कोठे अपुरा ठरला, ते पुढे येईलच.

संग्रहात संग्रह

रजिस्टराची रचना आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. प्रत्येक शैक्षणिक वर्ष वेगळे. वर्षाच्या पोटात तुकड्या, आणि तुकडीच्या पोटात विद्यार्थ्यांच्या नोंदी. नोंदीत रजिस्टर क्रमांक, नाव, गाव, दाखल झाल्याचे वर्ष आणि शाळा सोडल्याचे वर्ष. संगणकाच्या भाषेत ही यादीच्या आत यादी आणि तिच्याही आत यादी अशी तीन पातळ्यांची रचना होते. रस्टमध्ये अशा वाढत्या यादीला 'व्हेक' म्हणतात.

आता एका रजिस्टर क्रमांकाचा विद्यार्थी शोधावयाचा आहे असे समजा. जुन्या पद्धतीने लिहिल्यास तीन आवर्तने एकात एक गुंफावी लागतात. प्रत्येक वर्षासाठी, त्या वर्षातील प्रत्येक तुकडीसाठी, त्या तुकडीतील प्रत्येक विद्यार्थ्यासाठी क्रमांक तपासावयाचा. यात पहिली अडचण नाव सापडल्यानंतर येते. 'थांब' अशी आज्ञा दिली की केवळ सर्वांत आतले आवर्तन थांबते. बाहेरची दोन चालूच राहतात आणि संगणक उरलेली सारी रजिस्टरे निष्कारण चाळीत बसतो. रस्टमध्ये बाहेरच्या आवर्तनाला नाव देऊन थेट त्यालाच थांबविण्याची सोय आहे. हे काम वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवून तेथूनच उत्तर घेऊन परत फिरता येते. दोन्ही उपाय चालतात. परंतु शोधाचा मूळ हेतू तीन आवर्तनांच्या गुंत्यात झाकला जातो.

इटरेटर म्हणजे ओळीवर ठेवलेले बोट

कार्यालयातील लिपिक रजिस्टरात नाव शोधतात तेव्हा त्यांचे बोट एकेका ओळीवरून खाली सरकते. बोट ज्या ओळीवर आहे ती वाचावयाची आणि पुढे जावयाचे. पान संपले की बोट थांबते. इटरेटर म्हणजे हेच बोट होय. इटरेटरची कल्पना रस्टहून पुष्कळ जुनी आहे. अमेरिकेतील एमआयटी येथे बार्बरा लिस्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात घडविलेल्या 'क्लू' या भाषेत तिला स्वतंत्र स्थान मिळाले होते.

रस्टमधील इटरेटरकडून एकच कर्तव्य अपेक्षित असते. त्याला 'नेक्स्ट', म्हणजे 'पुढचे', असे विचारले की त्याने दोहोंपैकी एक उत्तर द्यावयाचे. वस्तू असल्यास 'सम' या वेष्टनात घालून ती द्यावयाची; काही शिल्लक नसल्यास 'नन' असे सांगावयाचे. या दोन शक्यता मिळून जो प्रकार होतो त्याला 'ऑप्शन' म्हणतात. वेष्टन उघडून पाहिल्याखेरीज आतील वस्तू वापरता येत नाही, आणि उघडताना ते रिकामे असल्यास काय करावयाचे ते लिहावेच लागते.

इटरेटरचा दुसरा विशेष असा की, तो विचारल्याशिवाय हलत नाही. 'यांतून अमुक अट पुरी करणारे निवड' असे सांगणारी 'फिल्टर' किंवा 'प्रत्येकाचे असे रूपांतर कर' असे सांगणारी 'मॅप' ही योजना कागदावर मांडून ठेवल्यासारखी असते. शेवटी कोणीतरी उत्तर मागितले तरच काम सुरू होते. नवशिके विद्यार्थी अशी साखळी लिहून ठेवतात आणि काहीच घडत नाही म्हणून बुचकळ्यात पडतात. अशा वेळी कंपायलर, म्हणजे आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, इशारा देतो. तो वाचण्याची सवय लावून घ्यावी.

तीन पातळ्यांचा एक प्रवाह

एकात एक असलेले संग्रह सपाट करण्यासाठी 'फ्लॅट मॅप' ही रीत आहे. बाहेरच्या प्रत्येक घटकातून आतला इटरेटर कसा काढावयाचा ते तिला सांगावे. ती आतल्या साऱ्या इटरेटरांना एकापुढे एक जोडून देते. वर्षांच्या इटरेटरवर फ्लॅट मॅप लावून तुकड्या काढाव्यात. त्यावर पुन्हा फ्लॅट मॅप लावून विद्यार्थी काढावेत. एवढे केले की तीन पातळ्यांचे रजिस्टर विद्यार्थ्यांच्या एकाच लांब रांगेसारखे दिसू लागते. प्रत्यक्षात अशी रांग स्मृतीत कोठेही तयार केलेली नसते. बोट एका तुकडीच्या अखेरीस पोहोचले की ते पुढच्या तुकडीच्या पहिल्या ओळीवर जाते, इतकेच. एखाद्या तुकडीत एकही विद्यार्थी नसेल तर ती तुकडी आपोआप ओलांडली जाते. त्यासाठी वेगळी अट लिहावी लागत नाही.

या प्रवाहाच्या शेवटी 'फाइंड' लावावे आणि क्रमांकाची अट द्यावी. पहिली जुळणारी नोंद मिळताच सारी साखळी तेथेच थांबते. ज्या वर्षांपर्यंत पोहोचण्याची गरज पडली नाही, ती उघडलीच जात नाहीत. एकही नोंद जुळली नाही तर उत्तर 'नन' येते. केवळ होय किंवा नाही एवढेच हवे असेल तर 'एनी', आणि यादीतील स्थान हवे असेल तर 'पोझिशन', अशा तिच्या भगिनी आहेत. विद्यार्थ्यांनी एक ध्यानात ठेवावे : यादीवरून 'आयटर' घेऊन चालताना फाइंडच्या अटीला नोंदीच्या संदर्भाचा संदर्भ मिळतो, त्यामुळे तुलना करताना प्रारंभी बहुतेकांना प्रकार न जुळल्याची चूक दिसते. तिला घाबरून जाऊ नये.

पुढची पायरी अशी. विद्यार्थी सापडला, पण तो कोणत्या वर्षाच्या रजिस्टरात सापडला? सपाट केलेल्या प्रवाहात वर्षाची खूण पुसली जाते. तेव्हा बाहेरच्या पातळीवर 'फाइंड मॅप' वापरावा. प्रत्येक वर्षाला म्हणावे, 'तुझ्या पोटात हा क्रमांक शोध. सापडल्यास तुझे वर्ष आणि ती नोंद अशी जोडी दे.' ज्या वर्षाकडून पहिली जोडी येईल, तेथे शोध संपतो. फ्लॅट मॅपच्या आतच वर्ष सोबत जोडण्याचा मार्गही आहे. परंतु त्यात आतल्या क्लोजरला, म्हणजे जागीच लिहिलेल्या छोट्या फंक्शनला, वर्षाचा संदर्भ 'मूव्ह' हा शब्द लिहून स्वतःजवळ घ्यावा लागतो. आतले क्लोजर बाहेरच्या क्लोजरचे काम आटोपल्यावरही वापरात राहणार असते. म्हणून तेथील वस्तूवर ते विसंबून राहू शकत नाही.

हा शोध अखेर ओळीमागून ओळ तपासणाराच आहे, हे विसरू नये. एकदोनदा शोधावयाचे असेल तर हीच रीत उत्तम. हजारो क्रमांक शोधावयाचे असतील तर प्रारंभी एकदाच सारा प्रवाह चालून क्रमांकावरून नोंदीकडे नेणारी सूची, म्हणजे 'हॅशमॅप', तयार करून ठेवावी. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची देतात, त्यातलाच हा प्रकार.

सापडलेली नोंद उसनी असते

रस्टमध्ये प्रत्येक वस्तूला एकच मालक असतो. 'आयटर'ने चालत जाऊन फाइंडने जी नोंद आणून दिली, ती आपल्या मालकीची होत नाही. ती रजिस्टराकडून पाहण्यापुरती उसनी मिळालेली असते. ही उसनवारी चालू आहे तोवर रजिस्टरात नवी ओळ घालण्यास कंपायलर मनाई करतो. याला सबळ कारण आहे. यादी वाढून तिला जागा अपुरी पडली की संगणक सगळी यादी दुसऱ्या, मोठ्या जागेत हलवितो. अशा वेळी जुन्या जागेकडे बोट दाखवीत राहिलेला संदर्भ निरर्थक होतो. सी प्लस प्लसमध्ये अशी आज्ञावली तयार होते, कधी चालते आणि कधी भलतेच उत्तर देते. रस्टमध्ये ती तयारच होत नाही.

नोंद दुरुस्त करावयाची असेल तर 'आयटर म्यूट' घ्यावे लागते. त्या काळात दुसऱ्या कोणालाही ते रजिस्टर वाचता येत नाही. 'इन्टू आयटर' घेतल्यास यादीची मालकीच इटरेटरकडे जाते आणि मूळ यादी नंतर वापरता येत नाही. पाहणे, दुरुस्त करणे आणि घेऊन जाणे या तीन गोष्टी आपल्या कार्यालयातही वेगळ्या मानल्या जातात. कंपायलर तोच शिरस्ता पाळावयास लावतो.

आमच्या चुका

आता चुकांकडे वळतो. पहिली चूक किरकोळ होती. काही नोंदी आम्ही नावावरून शोधल्या. फाइंड पहिल्या जुळणीवर थांबते. त्यामुळे एकाच नावाचे दोन विद्यार्थी असले तर दुसरा कधीच पुढे येत नव्हता. जेथे एकाहून अधिक उत्तरे असू शकतात तेथे फिल्टर लावून सारी उत्तरे गोळा करावीत आणि फाइंड केवळ रजिस्टर क्रमांकासारख्या एकमेव खुणेसाठी राखून ठेवावे, हा धडा आम्ही त्यातून घेतला.

दुसरी चूक अंकांची. काही स्वयंसेवकांनी वर्षे रोमन लिपीतल्या अंकांत टंकित केली होती, तर काहींनी आपल्या देवनागरी अंकांत. मजकुरातून संख्या काढण्याची रस्टची 'पार्स' ही रीत देवनागरी अंक ओळखत नाही; ती चूक म्हणून उत्तर देते. ते उत्तर 'रिझल्ट' या प्रकारात येते, आणि त्यात चुकीचे कारणही असते. आम्ही घाईने त्यावर 'ओके' लावून कारण टाकून दिले आणि चुकीचे 'नन' करून टाकले. परिणामी, वर्ष अगदी स्पष्ट लिहिलेल्या नोंदीही वर्ष नसलेल्या ठरल्या. नंतर आम्ही देवनागरी अंकांचे रूपांतर करणारे छोटे फंक्शन लिहिले आणि सर्व उत्तरे एकाच रिझल्टमध्ये 'कलेक्ट' केली. असे केल्यास पहिल्याच चुकीच्या नोंदीवर काम थांबते आणि चूक कोणती ते समोर येते. थांबणे त्रासाचे वाटते खरे. पण गुपचूप गाळण्यापेक्षा ते बरे.

तिसरी चूक आमच्या मनाला अधिक लागली. यादी शाळा सोडल्याच्या वर्षाप्रमाणे मांडावी असे ठरले होते. हे वर्ष प्रत्येक नोंदीत असतेच असे नाही, म्हणून ते ऑप्शन या प्रकारात ठेवले होते. येथे रस्टची एक सोय आड आली. ऑप्शन हाही या भाषेत एक संग्रहच मानता येतो. 'सम' असेल तर एका वस्तूचा संग्रह, 'नन' असेल तर रिकामा संग्रह. त्यामुळे तुकड्या उघडण्यासाठी जो फ्लॅट मॅप वापरला, तोच आम्ही सोडल्याचे वर्ष उघडण्यासाठी वापरला. रिकामी तुकडी जशी आपोआप ओलांडली गेली, तशीच सोडल्याचे वर्ष नसलेली मुलेही ओलांडली गेली. कंपायलरने हरकत घेतली नाही, कारण भाषेच्या दृष्टीने सर्व काही बरोबर होते.

कच्ची यादी कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावली होती. आपल्या नातवाच्या प्रवेशासाठी आलेले एक गृहस्थ ती बराच वेळ वाचीत उभे होते. मग त्यांनी विचारले, "सर, यात माझं नाव दिसत नाही. मी चार वर्षं इथंच होतो की." आम्ही रजिस्टर काढले. नाव होते, गाव होते, दाखल झाल्याचे वर्ष होते. सोडल्याचा रकाना कोरा होता. नववीत असताना आईवडिलांबरोबर ऊसतोडणीला गेलो, तो परत आलो नाही, असे ते म्हणाले. दाखला त्यांनी कधी नेलाच नव्हता. आम्ही पुन्हा संगणकावर बसलो आणि सोडल्याचा रकाना कोरा असलेल्या सर्व नोंदी बाहेर काढल्या. त्या एका पानात मावल्या नाहीत. आमच्याच खोलीत झोपणारे, आमच्याच पंगतीत जेवणारे सोबती त्यांत निघाले. त्यांची नावे आम्हांस पाठ होती, आणि तरी यादीत ती नाहीत हे आमच्या ध्यानात आले नव्हते.

दुरुस्ती म्हणून लिहिलेल्या ओळी थोड्याच होत्या. फ्लॅट मॅपऐवजी 'मॅच' वापरून दोन्ही शक्यता उघड लिहिल्या. वर्ष असल्यास ते नोंदवावे. नसल्यास रकाना कोरा ठेवून नाव मात्र घ्यावेच. त्याखेरीज आणखी एक तपासणी जोडली. मूळ रजिस्टरांतील नोंदींची एकूण संख्या आणि छापावयाच्या यादीतील संख्या 'काउंट' करून ताडून पाहावी, आणि त्या जुळल्या नाहीत तर काम पुढे जाऊ देऊ नये. ही तपासणी पहिल्याच दिवशी लिहिली असती तर तिन्ही चुका त्याच दिवशी उघड झाल्या असत्या. मग संपादक मंडळाशी बोलून यादीचा क्रमही बदलला. आता ती शाळा सोडल्याच्या वर्षाप्रमाणे नसून दाखल झाल्याच्या वर्षाप्रमाणे आहे. दाखल झाल्याचे वर्ष प्रत्येकाला आहे.

विद्यार्थ्यांना दोन शब्द

जे विद्यार्थी ही भाषा शिकतील त्यांना आमचे सांगणे एवढेच. संग्रहात संग्रह असेल तर फ्लॅट मॅपने तो सपाट करावा, एकच उत्तर हवे असेल तर फाइंड, ठिकाणही हवे असेल तर फाइंड मॅप आणि सगळी उत्तरे हवी असतील तर फिल्टर वापरावे. मात्र 'नन' समोर आले की क्षणभर थांबून विचार करावा, की येथे खरोखरच काही नाही, की कोणीतरी आहे आणि त्याच्याविषयीची एक गोष्ट तेवढी आपणांस ठाऊक नाही? पहिल्या प्रकारात पुढे जाण्यास हरकत नाही. दुसऱ्या प्रकारात पुढे जाऊ नये. हा भेद कंपायलरला कळत नाही. तो लिहिणाऱ्यानेच करावयाचा असतो.

यादी आम्ही जुन्या रजिस्टरांशी दोनदा ताडून पाहिली आहे. तरीही वाळवी लागलेल्या किंवा शाई उडालेल्या पानांवरील काही नावे आमच्याकडून निसटली असण्याचा संभव आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांना आपले अथवा आपल्या सोबत्याचे नाव यादीत आढळणार नाही, त्यांनी शाळेच्या कार्यालयात कळवावे, ही नम्र विनंती. दाखला हाती असलाच पाहिजे असे नाही. दाखल झाल्याचे वर्ष सांगितले तरी पुरेल. रजिस्टर काढून आम्ही ओळीमागून ओळ पाहू.